कोणत्या कामाला कोणता एलईडी: प्रस्तावना

यवतच्या शिवारात रात्रीचं काम कुणाला चुकत नाही. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने इथे ऊस आणला आणि उसाने रात्रपाळी आणली. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची लाइट असली की दारं धरायला सरीत उतरावंच लागतं. त्या वेळी माणसाच्या एका हातात खोरं असतं आणि दुसऱ्या हातात बॅटरी. त्या बॅटरीकडून त्याला तीन गोष्टी हव्या असतात. पायाखालच्या पाचटात वेटोळं घालून बसलेली घोणस वेळेवर दिसली पाहिजे. पलीकडच्या बांधावर बिबट्या असेल तर त्याचे डोळे चमकलेले कळले पाहिजेत. मोटर बंद पडली तर स्टार्टरच्या पेटीतली लाल वायर कोणती, पिवळी कोणती आणि निळी कोणती, हे शंका न राहता समजलं पाहिजे. या तीन कामांना तीन वेगळ्या जातींचा प्रकाश लागतो. एकच एलईडी तिन्ही कामं सारख्या ताकदीने करू शकत नाही. ही पुस्तिका लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

आठवडे बाजारातल्या पालांवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बॅटरी घ्यायला गेलं, की खोक्यावर एकच गोष्ट ठळक छापलेली दिसते: ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, आकडा. दहा हजार, वीस हजार, त्याहूनही पुढे. हा आकडा शाळेतल्या गणिताने तपासता येतो. बॅटरीतल्या चांगल्या एलईडीकडून एका वॅटला साधारण १०० ल्युमेन मिळतात असं धरू. वीस हजार ल्युमेनला मग २०० वॅट लागतील. आत १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, एकच लिथियम सेल असेल, तर ३.६ व्होल्टला ५५ अँपिअर प्रवाह सतत खेचावा लागेल. या आकाराचा एकही सेल एवढा प्रवाह टिकवून देत नाही. चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांचा असतो, म्हणजे त्यात साडेबारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. तेवढ्यात हजार-बाराशे ल्युमेनचा उजेड जेमतेम तासभर मिळतो. सेलवर ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा शाईचा आहे, ऊर्जेचा नाही. एवढा हिशेब ज्याला जमला, त्याला बाजारातली निम्मी फसवणूक दुकानाच्या दारातच ओळखता येते.

उरलेल्या निम्म्यासाठी एमिटरची ओळख करून घ्यावी लागते. एमिटर म्हणजे रिफ्लेक्टरच्या तळाशी बसलेला तो पिवळा चौकोन. बॅटरी बंद करून भिंगातून तो पाहावा. पांढऱ्या किंवा काळपट पाटीवर पिवळा थर दिसतो, बऱ्याच एमिटरवर सिलिकॉनचा पारदर्शक घुमट असतो, आणि काहींच्या कडेला केसाहून बारीक तारा दिसतात. तो पिवळा थर म्हणजे फॉस्फर. त्याखालची चिप प्रत्यक्षात निळा प्रकाश देते. त्यातला काही निळा तसाच बाहेर पडतो, उरलेला फॉस्फर शोषून घेतं आणि पिवळ्या-तांबड्या छटांत परत देतं. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. फॉस्फर लिंबासारखं फिकट पिवळं असेल तर उजेड थंड, निळसर पांढरा पडतो. ते नारिंगीकडे झुकलेलं असेल तर उजेड उबदार असतो. सेल घालायच्या आधीच एवढी माहिती मिळते. ती घेण्याची सवय लागावी म्हणून पुस्तिकेतल्या प्रत्येक एमिटरचं वर्णन या भिंगातल्या दर्शनापासून सुरू होतं.

एमिटरचा इतिहास थोडक्यात सांगणं गरजेचं आहे, कारण आजच्या बॅटऱ्यांमधली निवड त्या इतिहासातूनच आली आहे. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. लाल आणि हिरवा मिळाला, पण तेजस्वी निळा मिळायला आणखी तीन दशकं गेली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते कोडं सोडवलं. नाकामुरा तेव्हा निचिया या जपानी कंपनीत होते. १९९३ मध्ये निचियाने तेजस्वी निळा एलईडी बाजारात आणला आणि १९९६ मध्ये त्याच निळ्यावर फॉस्फर चढवून पांढरा. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. २००६ मध्ये आलेल्या क्री कंपनीच्या एक्सआर-ई एमिटरने हातातल्या बॅटरीचं रूप बदललं. २०१० च्या शेवटी आलेल्या एक्सएम-एलने तीन अँपिअरला हजार ल्युमेनचा टप्पा गाठला.

या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. पितळी बॅटरीतला जुना बल्ब फार तर दहा-वीस ल्युमेन द्यायचा, पण त्याच्या उजेडात लाल लालच दिसायचं. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, म्हणून रंगदर्शनाच्या मोजपट्टीवर तो शंभरापैकी शंभराच्या जवळ बसतो. सुरुवातीच्या एलईडींनी उजेड पुष्कळ वाढवला, पण तांबड्या भागात ते लंगडे पडले. त्यांच्या प्रकाशात माती राखाडी दिसते, माणसाचा चेहरा आजारी वाटतो आणि वाळकं पान व वाळकी काटकी यांतला फरक पुसला जातो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र निचियाच्या २१९बीपासून ५१९एपर्यंत आणि इतर कंपन्यांच्या उच्च रंगदर्शनाच्या एमिटरपर्यंत हा हरवलेला रंग परत आला आहे. खेड्यातल्या ग्राहकापर्यंत ही बातमी पोहोचलेली नाही. ती पोहोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सगळे ज्याला सीआरआय म्हणतात तो, आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल त्या आठांत येत नाही. त्याचा आकडा वेगळा असतो, त्याला आर९ म्हणतात. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या एमिटरचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. आपल्या कामांत नेमका तांबडाच रंग महत्त्वाचा ठरतो. घोणशीच्या अंगावर तपकिरी, काळ्या कडेच्या लांबट ठिपक्यांच्या रांगा असतात. पाचटही तपकिरीच. हे दोन तपकिरी वेगळे करायचे तर प्रकाशात तांबडा भाग पुरेसा हवा. निळसर उजेडात दोन्हींचा एकच धुरकट रंग होतो, मग ल्युमेन कितीही असोत.

गुऱ्हाळावरही हेच दिसतं. दौंड तालुक्यात हंगामात गुऱ्हाळं उशिरापर्यंत पेटलेली असतात. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो ते त्याच्या रंगावरून, बुडबुड्यांवरून आणि पळीवरून पडणाऱ्या धारेवरून. छपरातल्या पांढऱ्याफटक दिव्याखाली सोनेरी आणि तांबूस यांच्या मधल्या छटा सपाट होतात. तीच धार ४००० केल्विन रंगतापमानाच्या, म्हणजे किंचित उबदार उजेडाच्या, सीआरआय ९० च्या वरच्या एमिटरखाली धरली तर छटा एकेक करून उघडतात. गुळव्याचा अनुभव कोणतीही बॅटरी देऊ शकत नाही. पण त्याच्या डोळ्याला खरा रंग दाखवणारा उजेड देणं आपल्या हातात आहे.

आता लांबचं पाहू. उजेड किती लांब जातो हे ल्युमेनवर ठरत नाही. तेच पाणी मोकळ्या पाइपातून सोडलं तर पायाशी पडतं आणि बारीक नोझलमधून सोडलं तर वाफ्याच्या पार जातं. प्रकाशाचंही तसंच आहे. एमिटरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून किती प्रकाश निघतो आणि रिफ्लेक्टरचं तोंड किती मोठं आहे, या दोन गोष्टींच्या गुणाकारावर झोताची तीव्रता ठरते. ती कँडेलात मोजतात. ओसरामच्या व्हाइट फ्लॅट एमिटरचा प्रकाश देणारा पृष्ठभाग अवघा एक चौरस मिलिमीटर असतो, वर घुमटही नसतो. एकूण ल्युमेन बेताचे, पण झोत सरळसोट लांब. उलट क्रीच्या एक्सएचपी७०.२ मध्ये चार चिपा एकत्र असतात आणि तो चार हजारांहून अधिक ल्युमेन देऊ शकतो. त्याच रिफ्लेक्टरमध्ये बसवला तर तो सगळं अंगण उजळतो, पण त्याचा झोत व्हाइट फ्लॅटइतका लांब पोहोचत नाही.

झोताचं अंतर मोजण्यासाठी अमेरिकेत २००९ मध्ये एएनएसआय एफएल१ हे मानक ठरलं. लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. मानकानुसार जिथे उजेड पाव लक्सवर येतो तिथे झोत संपला असं धरतात. सूत्र सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. लक्स मीटर भिंतीपाशी ठेवून पाच मीटरवरून झोत मारला आणि मीटरने ४०० लक्स दाखवले, तर ४०० गुणिले २५, म्हणजे १०,००० कँडेला. वर्गमूळ १००, म्हणून अंतर २०० मीटर. पण पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. तेवढ्यात दोनशे मीटरवर कुत्रं आहे की बिबट्या, हे ओळखता येत नाही. कामाचं अंतर हवं असेल तर छापलेल्या अंतराचं निम्मं धरावं. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, म्हणजे एक लक्स मिळतो.

बिबट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या डोळ्यामागचा परावर्तक पडदा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतो. म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर डोळ्यांची चमक निसटू शकते. तीच कानशिलाजवळ, आपल्या नजरेच्या रेषेत धरली तर चमक लगेच दिसते. या कामाला सीआरआय फारसा लागत नाही, लांबचा झोत लागतो. चमक दिसली की मागे फिरावं, सोबत्यांना हाक द्यावी आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. उजेड पाडून त्याचा पाठलाग करणं माणसालाही घातक आहे आणि जनावरालाही. शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या उसात बिबट्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. तो दिसला तर काय करायचं, हे बॅटरी घेण्याआधीच ठरलेलं असावं.

तुलनेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग उष्णतेचा आहे. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वीज उष्णता होते. बल्बची उष्णता किरणांबरोबर बाहेर जायची. एलईडीची उष्णता मात्र त्याच्या पाठीतून, तांब्याच्या पाटीतून आणि बॅटरीच्या ॲल्युमिनियमच्या अंगातून हळूहळू बाहेर काढावी लागते. चिप तापली की प्रकाश घटतो. २५ अंशांवर मिळणाऱ्या प्रकाशातून ८५ अंशांवर साधारण दहा ते पंधरा टक्के गळतात. काही कंपन्या आपले आकडे २५ अंशांवर मोजून देतात, काही ८५ वर. दोन तक्ते शेजारी ठेवून सरळ तुलना करणारा माणूस इथेच फसतो. शिवाय प्रवाह दुप्पट केला म्हणून प्रकाश दुप्पट होत नाही. प्रवाह चढत जातो तशी एमिटरची कार्यक्षमता उतरत जाते.

हे आकडे बहुतेक थंड देशांतल्या प्रयोगशाळांत आणि टेबलांवर मोजलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि रात्रीची हवाही तापलेली असते. अशा हवेत बॅटरीचं अंग लवकर हाताला चटका देतं, आणि शहाणा ड्रायव्हर, म्हणजे एमिटरचा प्रवाह सांभाळणारं सर्किट, आपोआप प्रवाह उतरवतो. एफएल१ मानकात प्रकाश मोजतात तो बॅटरी चालू केल्यावर ३० सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत. चालण्याचा वेळ मोजतात तो प्रकाश दहा टक्क्यांवर येईपर्यंत. याचा अर्थ असा, की खोक्यावरचा मोठा आकडा आणि खोक्यावरचे तास हे एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक एमिटरचा प्रकाश पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला आणि अर्ध्या तासाला मोजून दिला आहे, आणि मोजणी उन्हाळ्यातल्या हवेत केली आहे. आपल्या शेतकऱ्याला तिसरा आकडा सगळ्यात उपयोगाचा आहे.

मोजणीची पद्धत साधी ठेवली आहे, म्हणजे कुणालाही ती घरी करून पाहता येईल. बॅटरीचं अंग एकच, सेल एकच, ड्रायव्हर एकच, रिफ्लेक्टर एकच. बदलला तो फक्त एमिटर. चार वेगळ्या कंपन्यांच्या चार बॅटऱ्या शेजारी ठेवून एमिटरचा निकाल लावता येत नाही, कारण तिथे चार गोष्टी एकदम बदललेल्या असतात. एकूण प्रकाशासाठी थर्माकोलचा पोकळ गोळा आणि लक्स मीटर वापरला. रंगासाठी एक पाटी केली. तिच्यावर पाचट, गुळाचा खडा, कुंकू, हळद, उसाचं हिरवं पान आणि लाल, पिवळ्या, निळ्या वायरीचे तुकडे चिकटवले. आकडे सांगतात त्याच्या जोडीला ही पाटीही बोलते, आणि तिचं बोलणं कुठलंही यंत्र नसलेल्या माणसालाही समजतं.

निष्कर्ष पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे फक्त वाट दाखवतो. दारं धरायला आणि घराभोवती फिरायला निचियाचा ५१९ए, ४००० ते ५००० केल्विनचा, मला सगळ्यात पटला. रंग खरे, उजेड पुरेसा, छटा स्वच्छ. २१९बीची किंचित गुलाबी छटा अनेकांना फार आवडते, पण त्याच्याकडून प्रकाश कमी मिळतो. सॅमसंगचा एलएच३५१डी कार्यक्षम आहे आणि त्याचा उजेड रुंद पसरतो, मात्र छटा थोडी हिरवट-पिवळी वाटू शकते. ल्युमिनसच्या एसएसटी-२० चा ४००० केल्विनचा, सीआरआय ९५ चा प्रकार लहान चिपेमुळे बऱ्यापैकी लांबही जातो, पण तुकडीगणिक छटा बदलते. लांबच्या झोतासाठी ओसरामचा व्हाइट फ्लॅट किंवा ल्युमिनसचा एसएफटी-४०. ट्रॅक्टर-ट्रॉली भरताना किंवा पालखीच्या मुक्कामाला मंडपामागे काम करताना एक्सएचपी७०.२ सारखा मोठा एमिटर, पण त्याला तेवढंच जाड अंग आणि एकाहून अधिक सेल हवेत.

काही समजही तपासून पाहिले. पिवळा उजेड धुकं भेदतो असं सगळेच म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्यात खरा फरक पडतो तो झोत अरुंद ठेवल्याने आणि बॅटरी डोळ्यांपासून खाली धरल्याने. दुसरा समज ल्युमेन दुप्पट म्हणजे उजेड दुप्पट असा. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट करावे लागतात, त्यामुळे हजार आणि बाराशे यांतला फरक रानात कुणाला कळत नाही. तिसरी गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात: अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. पायाखाली पूर्ण ताकदीचा झोत मारला की तो सराव क्षणात जातो आणि झोताबाहेरचं सगळं काळं होतं. म्हणून बॅटरीचा सगळ्यात मंद टप्पा कसा आहे, याला पुस्तिकेत वेगळे गुण दिले आहेत.

बॅटरीचा उपयोग पाहण्याच्या आनंदासाठीही होतो. यवतहून जवळच माळशिरसच्या डोंगरावर यादवकाळातलं भुलेश्वराचं मंदिर आहे. आतल्या अंधाऱ्या बोळांत काळ्या दगडावर मूर्तींच्या रांगा आहेत, त्यांत गणेशाचं स्त्रीरूपही आहे. समोरून झगझगीत झोत मारला तर सगळं शिल्प सपाट दिसतं. मंद, रुंद पसरणारा, मधे टिपका नसलेला उजेड भिंतीला लगटून कडेने सोडला, की दागिन्यांचे मणी, वस्त्राच्या चुण्या आणि छिन्नीच्या खुणा सावलीसह वर येतात. इथे घुमट असलेला, मोठ्या कोनाचा एमिटर कामाला येतो. झोताचं अंतर इथे शून्य गुणांचं आहे.

शेवटच्या प्रकरणात ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील एमिटरची माहिती आहे. त्याच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. ढिगातली लाकडं काढण्याआधी किंवा पडवीत अंथरूण टाकण्याआधी एकदा तो फिरवावा. बाजारात मिळणारे ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त प्रकार स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतात, की चमक त्यात बुडते. दोन्ही प्रकार डोळ्यांत मारू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत.

लिथियम सेलबद्दलही हात जोडून सांगतो. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल, वेष्टन फाटलेले सेल, कमी-जास्त चार्ज असलेले दोन सेल एकाच नळीत, या तिन्हींपासून लांब राहावं. उजेडापेक्षा हात महत्त्वाचा.

ही पुस्तिका तक्त्यांसाठी वाचू नये, स्वतःच्या कामासाठी वाचावी. आधी आपलं काम ठरवावं: पायाखालचं पाहायचंय, बांधापलीकडचं, की हातातलं. मग त्या कामाचं प्रकरण उघडावं. दुकानात गेल्यावर ल्युमेन किती, हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी चार प्रश्न विचारावेत: एमिटर कोणत्या कंपनीचा आणि कोणता, रंगतापमान व सीआरआय किती, अर्ध्या तासानंतर उजेड किती उरतो, आणि सेल बदलता येतो का. उत्तरं न देणाऱ्या दुकानदाराकडून बॅटरी घेऊ नये. गावोगावची गिऱ्हाइकं हे चार प्रश्न विचारू लागली, तर खोक्यांवर काय छापायचं हे कारखान्यांनाही नव्याने ठरवावं लागेल.

यवत, ता. दौंड, जि. पुणे